निकाल पलीकडचा, खासदार अलीकडचा



४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. त्यावर वर्तमानपत्रांनी, टीव्हीवाल्यांनी आणि चौकातल्या मंडळींनी बोलायचे ते सगळे बोलून झाले आहे. तरीही आपल्या मंडळाच्या पत्रकात त्यावर लिहावेसे वाटते. त्या निकालावर आपण, हट्ट्याच्या जुन्या मराठी घरांनी, जे केले ते मला निकालापेक्षाही जास्त विचार करण्याजोगे वाटते. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी बँकेत कारकून आहे. नोकरीच्या नियमाप्रमाणे मला कोणत्याही पक्षाचा झेंडा हाती घेता येत नाही आणि घ्यायचाही नाही. मत कोणाला दिले ते माझे मला ठाऊक. इथे मांडतो आहे तो फक्त हिशेब.

आधी मोठा आकडा. भारतीय जनता पक्षाला २०१४ साली २८२ आणि २०१९ साली ३०३ जागा मिळाल्या होत्या. २०२४ साली २४० मिळाल्या. बहुमताला २७२ लागतात. मित्रपक्ष धरून आघाडी २९३ वर गेली आणि सरकार बनले. काँग्रेस ५२ वरून ९९ वर आली. १ जूनला आलेल्या बहुतेक एक्झिट पोलनी साडेतीनशेच्या वरचा आकडा सांगितला होता. त्या भरवशावर ३ जूनला शेअर बाजार चढला आणि ४ जूनला सेन्सेक्स एका दिवसात जवळपास ४४०० अंकांनी खाली आला. त्या दिवशी मंगळवार होता, बँक चालू होती, आणि म्युच्युअल फंडात पैसे घातलेले आमचे दोन-तीन ग्राहक पैसे काढायला नव्हे, नुसते धीर घ्यायला काउंटरवर आले होते.

माझी स्वतःची प्रतिक्रिया विचाराल तर ती काउंटरवरच्या माणसाची होती. आमच्याकडे खाती दोन तऱ्हेने चालतात. काही खात्यांवर एकाच्या सहीने पैसे निघतात, काहींवर दोघांच्या सह्या लागतात. दहा वर्षे देशाचे खाते एका सहीवर चालले. २०२४ साली मतदाराने ते संयुक्त करून टाकले. यात कोणाला आनंद झाला, कोणाला वाईट वाटले. मला इतकेच वाटले की संयुक्त खात्यावर काम जरा सावकाश होते, पण सही करण्याआधी दुसरा माणूस कागद वाचतो. जिंकलेल्याला भागीदार सांभाळावे लागतील आणि हरलेल्याला सभागृहात उभे राहून विचारण्याइतके बळ मिळाले. असो. हा झाला देशाचा भाग.

आता आपल्या घरांत काय झाले ते पाहू.

बालाघाट आणि भंडारा-गोंदिया या दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी, १९ एप्रिलला मतदान झाले होते. निकालही एकाच दिवशी आला. बालाघाटमधून भाजपच्या भारती पारधी १,७४,५१२ मतांनी निवडून आल्या. पलीकडे भंडारा-गोंदियात काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे ३७,३८० मतांनी निवडून आले. सारा मध्य प्रदेश पाहिला तर २९ पैकी २९ जागा भाजपला गेल्या, अगदी छिंदवाड्यासुद्धा. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक जागा अपक्षाला. मध्ये एक बाघ नदी. अलीकडे एक निकाल, पलीकडे बरोबर उलटा.

दुपार झाली आणि फोन सुरू झाले. आपल्यापैकी क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याची लेक गोंदियाला, तुमसरला किंवा भंडाऱ्याला दिलेली नाही किंवा तिकडची सून इकडे आलेली नाही. माझ्या गोंदियाच्या मेहुण्याचा फोन आला.

"काय जी भाऊजी, तुमच्याकडे तर एकोणतीसच्या एकोणतीस! एकही नाही सोडला?"

"तुमच्याकडे तर उलटंच झालं जी," मी म्हणालो.

"आमच्याकडे लोकांनी दाखवून दिलं."

तेवढ्यात पलीकडून त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फोन घेतला. "जावईबापू, याचं काही ऐकू नका. घरात दोन मतं आहेत, मी अजून आहे," असे म्हणून ते हसले. आम्हीही हसलो. पाहुण्यांत अशी थट्टा चालायचीच, त्यात वावगे काही नाही.

वावगे वाटले ते पुढे. त्याच संध्याकाळी मंडळाच्या खोलीत आपली दहा-बारा मंडळी जमली होती. चर्चा तास-दीड तास चालली. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, बारामतीत काय झाले, सांगलीत तिकीट कोणी अडवले, कांद्याची निर्यातबंदी कोणाला भोवली, सगळे निघाले. आवाज चढले. दोन घरांतले ज्येष्ठ एकमेकांना नको ते बोलले. त्याचा परिणाम सप्टेंबरात गणपतीच्या वर्गणीपर्यंत पोहोचला, हे आपण सर्व जाणता, म्हणून नावे घेत नाही. त्या तास-दीड तासात बालाघाटचा विषय एकदाही निघाला नाही. मी सहज विचारले की आपल्या मतदारसंघात किती मतांचा फरक पडला, तर कोणाला सांगता आले नाही. तिसऱ्या क्रमांकावर कोण, तेही नाही. भंडारा-गोंदियाचा फरक मात्र सर्वांना शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ होता.

बंधु-भगिनींनो, मला सांगायचे आहे ते एवढेच. ज्या भांडणात आपले एकही मत पडलेले नाही, त्या भांडणासाठी आपण आपसांत अबोला धरला. आणि जिथे आपले मत पडले, तिथे काय झाले ते विचारायलाही आपण विसरलो.

हे असे का होते, याला इतिहास आहे आणि तो आपल्या घरांना ठाऊक आहे. १९५२ साली पहिली लोकसभा निवडणूक झाली तेव्हा बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नाव मध्य प्रदेशच होते, पण राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तिथल्या राजभाषा होत्या. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते याच राज्यात. ती निवडणूक ते हरले, पण त्याची आठवण आपल्या जुन्या लोकांकडून नदीच्या दोन्ही काठांना सारखीच ऐकायला मिळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने बांधली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यात भंडारा होता आणि गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता. बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. आपली घरे, बांध्या, देवळे, हट्ट्याची बावडी, काही हलले नाही. राजधानी तेवढी हलली.

आपल्या आजोबांच्या पिढीने तेव्हा सामान बांधले नाही. शेती इथे होती, नोकऱ्या इथे होत्या, लाज राखणारे शेजारी इथे होते. पोवार, लोधी, मरार, गोंड या सगळ्यांच्या सुखदुःखात आपली घरे वाढली. घरात मराठी, ओट्यावर पोवारी, कचेरीत हिंदी, अशी तीन तोंडे आपण बिनबोभाट सांभाळली. पण मन मात्र नागपूरकडे तोंड करून बसले ते अजून तसेच बसले आहे. वर्तमानपत्र नागपूरचे, दवाखाना नागपूरचा, पोरांचे कॉलेज नागपूरचे, टीव्ही मुंबईचा. मग राजकारणही तिकडचेच आपले वाटते. आपण मतदार बालाघाटचे आणि प्रेक्षक महाराष्ट्राचे झालो आहोत.

यावर कोणी म्हणेल की, अहो, ती आपलीच माणसे आहेत, त्यांच्या निकालाने आपल्याला बरेवाईट वाटणारच. वाटावेच. लेकीच्या सासरी काय चालले आहे याची चौकशी कोण करत नाही? पण लेकीच्या सासरचा कारभार आपण चालवत नाही आणि त्यापायी आपल्या घरची चूल विझू देत नाही.

दुसरा आक्षेप असा येतो की, बालाघाटच्या निकालात पाहण्यासारखे आहे तरी काय? १९९८ पासून २०२४ पर्यंत सलग सात वेळा एकाच पक्षाचा खासदार. हे खरे आहे. पण जरा मागे जाऊन पाहा. पहिले खासदार काँग्रेसचे चिंतामणराव गौतम. १९६२ ला प्रजा समाजवादी पक्षाचे भोलाराम पारधी. १९७७ ला रिपब्लिकन पक्षाचे कचरूलाल जैन. १९८९ ला कंकर मुंजारे. या मतदारसंघाने देशाची लाट पाहिली आहे आणि वेळ पडली तेव्हा स्वतःच्या मनानेही वागला आहे. २००४ साली दिल्लीतले सरकार बदलले तेव्हा बालाघाट आणि भंडारा दोन्हीकडे भाजपच निवडून आला होता. २००९ ला दोन काठांनी दोन वेगळे कौल दिले, २०१४ आणि २०१९ ला पुन्हा एकच. म्हणजे २०२४ चा उलटसुलट निकाल हा काही जगावेगळा चमत्कार नाही. आणि या वेळी बालाघाटने पहिल्यांदाच एका महिलेला लोकसभेत पाठवले. आपल्या महिला मंडळाने त्याची दोन ओळींची नोंदही घेतली नाही, पक्ष कोणताही असो.

पलीकडचा निकाल किती टिकाऊ असतो, तेही त्याच वर्षी दिसले. जूनमध्ये महाराष्ट्रात ज्यांनी गुलाल उधळला, त्यांचे २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या निकालात काय झाले? महायुती २८८ पैकी २३० च्या घरात गेली. पाच महिन्यांत हसणारे आणि रडणारे यांनी जागा बदलल्या. आपल्याकडे अबोला धरणाऱ्यांनीही बाजू बदलून तोच अबोला पुढे चालू ठेवला.

त्या पाच महिन्यांत काय घडले याचे एक कारण मला काउंटरवर बसून आधीच माहीत होते. आपल्याकडे जून २०२३ पासून लाडली बहना योजनेचे पैसे सुरू झाले होते, आधी १००० रुपये, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून १२५०. हप्ता जमा झाला की बायांची रांग दारापर्यंत लागायची. आधार जोडलेले नाही, केवायसी अपुरी आहे, खाते बंद पडले आहे, अशा शंभर अडचणी. ज्या बाईने आयुष्यात स्वतःचे पासबुक उघडून पाहिले नव्हते ती "माझी एन्ट्री करून द्या" म्हणू लागली. २०२३ च्या विधानसभेत त्याचा परिणाम दिसला. लोकसभेनंतर महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून तशीच योजना १५०० रुपयांची आणली. तेव्हा गोंदियाच्या वहिनींनी मला फोन करून विचारले, "भाऊजी, आधार कोणत्या खात्याला लावू? तुमच्याकडे कसं केलं?" मुद्दा असा की, पलीकडच्यांनी अलीकडे पाहून धडा घेतला. आपणच तेवढे अलीकडे पाहत नाही.

योजना चांगली की वाईट, यावर मतभेद असू शकतात. तिजोरीवर भार पडतो हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळते. पण ज्याला आपल्या गावात काय चालले आहे ते माहीत असते, त्याला पलीकडच्या निकालाने इतका धक्का बसत नाही.

आता जरा आपल्या पोटापाण्याचे. आपल्यातल्या निम्म्याहून जास्त घरांचे धान आहे. २०२३ च्या विधानसभेच्या वेळी आपल्या राज्यात सत्ताधारी पक्षाने जाहीरनाम्यात धानाला क्विंटलमागे ३१०० रुपयांचे वचन दिले होते. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राचा साध्या धानाचा हमीभाव २३०० रुपये होता. मधल्या ८०० रुपयांचा हिशेब विचारणे हे बालाघाटच्या मतदाराचे काम आहे, मग त्याने मत कोणालाही दिलेले असो. ज्याने दिले त्याने वचन आठवून विचारावे, ज्याने दिले नाही त्याने विरोधक म्हणून विचारावे. पण बारामतीची चर्चा करणाऱ्या तोंडातून हा प्रश्न निघायला वेळ कुठून मिळणार?

याहून नाजूक गोष्ट आहे ती भाषेची. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच केले. त्याच आठवड्यात मंडळात एक अर्ज ठेवला होता. विषय असा की, आपल्या मुलांसाठी प्राथमिक शाळेत मराठी शिकण्याची सोय व्हावी. पेढे संपले, अर्ज उरला. दिवाळीपर्यंत त्यावर अकरा सह्या झाल्या होत्या.

या अर्जाला कायद्याचा आधार आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्या १९५६ सालाने आपल्याला इकडे ठेवले, त्याच सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५० क आणि ३५० ख (इंग्रजीतली ए आणि बी) अशी दोन कलमे घातली. नवी राज्ये आखताना आपल्यासारखे लोक सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना उरणार, हे तेव्हाच्या लोकांना कळत होते. पहिले कलम सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्याने पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा. एका वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असावीत, हे त्याचे जुने प्रमाण आहे आणि ते १९४९ पासून चालत आले आहे. दुसऱ्या कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमायचा असतो. तो राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो.

संसदेपुढे! म्हणजे हा प्रश्न लोकसभेत विचारण्याचा आहे. बालाघाटच्या मराठी मुलांबद्दल तिथे कोणी बोलायचे? भंडाऱ्याचे खासदार त्यांच्या मतदारांचे काम करतील, आणि तेच त्यांनी करावे. आपले काम बालाघाटच्या खासदारांनी करायचे आहे, ज्यांना आपण इकडे सांसद म्हणतो. त्यांना हे काम कोणी सांगितले नसेल तर त्यांना ते कळणार कसे? २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख लोक होते. बालाघाट, छिंदवाडा, बैतूल, बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर असे पसरलेले. बारा लाखांचा आवाज कमी नसतो. पण तो बारा ठिकाणी बसून मुंबईच्या बातम्या पाहत असेल तर ऐकू कोणाला येणार?

इथे राहून, इथल्या लोकांचे होऊन मराठी माणूस किती पुढे जाऊ शकतो, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. इंदूरचे विनायक सीताराम सरवटे मध्य भारताकडून संविधान सभेत बसले होते. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन लग्न होऊन इंदूरला आल्या, १९८९ पासून सलग आठ वेळा तिथून निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. हिंदी बोलणाऱ्या शहराने त्यांना 'ताई' म्हटले. पक्ष बाजूला ठेवा. त्या इंदूरच्या राजकारणात होत्या म्हणून इंदूरने त्यांना आपले मानले, एवढे लक्षात घ्या. त्याच इंदूरमध्ये २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा २,१८,६७४ लोकांनी 'नोटा'चे बटण दाबले. पटले नाही तर तेही सांगता येते, पण ते आपल्याच मशीनवर.

आता काय करावे? माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते मांडतो.

पहिले, मंडळाच्या खोलीत महाराष्ट्राच्या राजकारणावर बोलायला बंदी नको, पण प्रत्येक बैठकीचा पहिला अर्धा तास हट्टा आणि बालाघाटसाठी राखावा. गाडी, धान खरेदी, शाळा, दवाखाना, जे असेल ते.

दुसरे, मराठीच्या वर्गाचा तो अर्ज पुन्हा फिरवावा. प्रत्येक घरातून मुलाचे नाव, इयत्ता, शाळा आणि पालकाची सही घ्यावी. दहा मुले एका वर्गाची जमली तर आपल्या हातात नियमाचा कागद आहे, नुसती भावना नाही. त्याची एक प्रत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना, एक खासदारांना आणि एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना जावी. अर्ज हिंदीत लिहावा, म्हणजे वाचला जाईल.

तिसरे, खासदारांना वर्षाला ५ कोटींचा निधी असतो. आठ विधानसभा क्षेत्रांत, बरघाट-सिवनीपर्यंत तो वाटायचा असतो, म्हणून मागणाऱ्याचा कागद आधी लागतो. सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीसाठी आपण मागणी केली पाहिजे. मिळेलच असे नाही. पण मागितल्याशिवाय आईही जेवायला वाढत नाही, असे आपल्यात म्हणतात.

हा अर्ज घेऊन जाताना शिष्टमंडळात दोन्ही बाजूंची माणसे असावीत, अशी माझी खास विनंती आहे. जून महिन्यापासून जे दोन ज्येष्ठ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांनीच पहिल्या दोन सह्या कराव्यात. दोघांचीही नातवंडे एकाच शाळेत जातात. त्या पोरांना आजोबांचा पक्ष कोणता ते माहीत नाही, आणि आजोबांचे जुने पत्र आले तर ते वाचताही येत नाही. बारामतीला कोण जिंकले याने त्यात काडीचा फरक पडणार नाही. आपण त्यांच्यासाठी बालाघाटात काय मागितले, याने पडेल.

अर्जाचा कागद मंडळाच्या खोलीत ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसतो. पेन आणण्याची गरज नाही.

विचार व्हावा, ही नम्र विनंती.